नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला?

बाबा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आम्ही त्यांचं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात निळी फाइल होती आणि तिच्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं. आत एफडीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असं सगळं तारखेवार लावून ठेवलेलं. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी म्हणून आईचं नाव. मी आणि भाऊ एकमेकांकडे बघून म्हणालो, बाबांनी सगळं करून ठेवलंय, आता नुसते मृत्यूचे दाखले जोडायचे.

त्या फाइलमध्ये मृत्युपत्र नव्हतं. फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर व्हायला आम्हाला अडीच वर्षं लागली. या अडीच वर्षांत घरात एकदाही भांडण झालं नाही, हे मुद्दाम सांगते. 'आमच्यात कुठे वाद आहेत, मृत्युपत्र कशाला हवं?' असं म्हणणाऱ्यांसाठीच हा लेख आहे.

झालं असं, की बाबा गेले तेव्हा आमची आजी, म्हणजे बाबांची आई, हयात होती. वय अठ्ठ्याऐंशी, गावी काकांकडे राहायची. फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. आम्ही धरून चाललो होतो की तो आईचा. कायदा तसं म्हणत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस ठरतात आणि सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे आई, आजी, भाऊ आणि मी, प्रत्येकाचा चौथा हिस्सा.

आजीला त्यातलं काही नको होतं. 'माझा अंगठा कुठे हवाय तिथे घ्या' म्हणायची. कागद तयार व्हायला वेळ लागला, दरम्यान तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि ती गेली. आता तिचा चौथा हिस्सा तिच्या वारसांकडे गेला: काका, दोन आत्या, आणि बाबा आधीच गेलेले म्हणून त्यांच्या वाट्याला मी आणि भाऊ. या टप्प्यात आईला काही नाही, कारण सासूच्या वारसांत अशा वेळी सून येत नाही, आधी गेलेल्या मुलाची मुलं येतात. हिशेब मांडला तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचे सहा मालक निघाले. आईचे बत्तीसातले आठ भाग, माझे आणि भावाचे प्रत्येकी नऊ, काका आणि आत्यांचे प्रत्येकी दोन. ज्या बाईने त्या घरात चौतीस वर्षं काढली, तिच्यापेक्षा माझा हिस्सा मोठा!

मग सगळ्यांची हक्कसोडपत्रं करायची, ती नोंदवायची. धाकट्या आत्या परदेशात, त्यांचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येणार. एका कागदावर नावातलं एक अक्षर चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कुणीही कुरकुर केली नाही. सगळे प्रेमाने सह्या करत राहिले आणि तरीही अडीच वर्षं गेली. बाबांनी साध्या कागदावर 'माझा फ्लॅट माझ्या पत्नीला द्यावा' एवढं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर हिश्शांचा हा सगळा गुंता झालाच नसता.

नॉमिनी म्हणजे नक्की कोण?

सगळा गोंधळ या एका शब्दापाशी आहे. नॉमिनी म्हणजे बँकेने किंवा कंपनीने पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते नाव. बँकेला वारसांच्या वादात पडायचं नसतं. नॉमिनीला पैसे दिले की तिची जबाबदारी संपते. पण पैसे हातात आले म्हणजे ते नॉमिनीचे झाले असं नाही. तो ते वारसांच्या वतीने सांभाळतो आणि वारसांनी मागितले तर त्यांचा वाटा त्याला द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्येच हे सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी मालक होतो की काय, अशी शंका बरीच वर्षं होती. डिसेंबर २०२३ च्या निकालाने तीही मिटली: तिथेही नॉमिनी मालक होत नाही.

विम्याला २०१५ पासून एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्वतःच्या आयुर्विमा पॉलिसीत आई-वडील, पती किंवा पत्नी, किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं असेल, तर ती रक्कम त्यांचीच होते. भाऊ, पुतण्या, मित्र यांना ही सवलत नाही.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनीला सभासद करून घेतात, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याला तात्पुरता सभासद म्हटलं आहे. खरे वारस ठरून कागद येईपर्यंत तो जागा सांभाळतो, इतकंच. सोसायटीच्या ऑफिसात 'नॉमिनेशन आहे ना, मग काळजी नको' असं कुणी सांगितलं, तर ते अर्धंच खरं आहे.

मग नॉमिनी लावूच नये का? जरूर लावावा. घरात माणूस गेल्यावर लगेच लागणारा पैसा त्याच्यामुळेच हाताशी येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. फक्त मृत्युपत्रातलं नाव आणि नॉमिनीचं नाव शक्यतो एकच ठेवा. दोन ठिकाणी दोन नावं असली, की वकिलांची सोय आणि घरच्यांची गैरसोय.

प्रॉव्हिडंट फंडाची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. नोकरीला लागताना कुटुंब नव्हतं म्हणून कुणाचं तरी नाव दिलं आणि नंतर लग्न झालं, तर ते जुनं नामनिर्देशन आपोआप बाद होतं. लग्नानंतर नवं भरावं लागतं. लग्नाला दहा वर्षं झालेल्या माणसांनीही एकदा आपलं खातं उघडून बघावं.

मृत्युपत्र नसलं की कायदा वाटणी करतो

कायद्याची वाटणी वाईट असते असं नाही, पण त्याला तुमचं घर दिसत नाही. अविवाहित मुलगा गेला तर पहिल्या वर्गात त्याची आई येते, वडील येत नाहीत. सासूला दहा वर्षं अंथरुणात सांभाळणाऱ्या सुनेला नवरा हयात असताना स्वतःचा म्हणून हिस्सा नसतो. सावत्र मुलाला तुम्ही पोटच्यासारखं वाढवलं असेल, पण दत्तक घेतलं नसेल, तर तो पहिल्या वर्गातला वारस नाही. लग्न न करता वीस वर्षं बरोबर राहिलेल्या जोडीदाराला वारस म्हणून काही मिळत नाही. या माणसांना काही द्यायचं असेल, तर लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

आणि बायकांचं तर याहून अवघड आहे. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते. ते कुणी नसतील, तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यांच्यानंतर तिच्या आई-वडिलांना. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मूलबाळ नसेल तर माहेरी परत जाते, पण स्वतः कमावलेल्या पैशाला तो नियम नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये एक प्रकरण निकाली निघालं. १९५५ मध्ये लग्न झालेली मुलगी, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. आई-वडिलांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, उरलेलं आयुष्य तिने माहेरी काढलं. १९९६ मध्ये ती वारली तेव्हा बँकेत आणि प्रॉव्हिडंट फंडात तिची चांगली शिल्लक होती. आईने वारस म्हणून अर्ज केला. न्यायालयाने सहानुभूती असूनही कायद्याप्रमाणे निकाल दिला: पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. ज्या घराने तिला हाकललं, त्याच घरात तिची आयुष्याची कमाई गेली. हे वाचल्यापासून मी ओळखीतल्या प्रत्येक कमावत्या बाईला, मग ती पंचवीस वर्षांची का असेना, मृत्युपत्र करायला सांगते.

वर सांगितलेले नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहेत. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. त्यापुढे वारसांची संमती लागते.

दुसरा गैरसमज वडिलोपार्जित मालमत्तेचा. तिच्यातला फक्त आपला हिस्साच मृत्युपत्राने देता येतो, अख्खी जमीन नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगीही मुलासारखीच जन्माने हिस्सेदार आहे, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायला हवे होते असंही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. सात-बारावर बहिणीचं नाव नाही म्हणून तिचा हक्क नाही, असा समज अजून गावोगावी आहे. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही. आणि वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवरचा हक्क मुलीकडून 'सोडून' घेतला, तरी त्या कागदाला अर्थ नसतो. जो हक्क अजून आलाच नाही, तो सोडणार कसा?

लिहायचं कसं

मृत्युपत्र हा शब्दच अनेकांना नकोसा वाटतो. इच्छापत्र म्हणा, काही बिघडत नाही. अठरा वर्षं पूर्ण असलेल्या आणि आपण काय करतोय हे कळत असलेल्या कुणालाही ते करता येतं. स्टँप पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलं चालतं, मराठीत चालतं. नव्हे, आपण ज्या भाषेत विचार करतो तिच्यातच लिहावं, म्हणजे 'मला वाचताच येत नव्हतं' असा आक्षेप पुढे कुणी घेणार नाही.

कायद्याची मुख्य अट सह्यांची आहे. करणाऱ्याने सही करायची आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून त्याच्यासमोर आपापल्या सह्या करायच्या. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नाही. चुका मात्र इथेच जास्त होतात. सही आज झाली, मग साक्षीदारांकडे कागद घरी पाठवला आणि त्यांनी उद्या सही केली: असा कागद कोर्टात लुळा पडतो. तिघांनी एका टेबलाशी बसावं, प्रत्येक पानावर सही करावी, तारीख आणि ठिकाण लिहावं.

साक्षीदार निवडताना आपल्याहून तरुण, ओळखीचा, सहज सापडेल असा माणूस बघा. पुढे वाद झाला तर साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं. पंच्याऐंशी वर्षांच्या मित्राला केवळ मान म्हणून साक्षीदार करू नका. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला आणि त्याच्या नवऱ्या-बायकोला तर अजिबात करू नका. वय झालेलं असेल किंवा आजारपण असेल, तर डॉक्टरांकडून 'शुद्धीवर आहेत, समजून सही करताहेत' असा दाखला त्याच दिवशी घ्या.

आता मजकूर. 'मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहितो' आणि 'याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत' ही दोन वाक्यं सुरुवातीला. मग घरातली माणसं कोण कोण, त्यांचं नातं काय. मग फ्लॅटचा नंबर, जमिनीचा गट नंबर, बँकांची नावं. खात्यातली रक्कम लिहू नका, ती रोज बदलते. प्रत्येकासाठी पर्याय लिहा: 'पत्नी माझ्याआधी वारल्यास हा हिस्सा मुलीला'. आणि शेवटी एक ओळ, जी विसरली की सगळी मेहनत अर्धी वाया जाते: 'याखेरीज माझी जी काही मालमत्ता असेल किंवा पुढे मिळेल ती अमुक व्यक्तीला'. मृत्युपत्र केल्यावर चार वर्षांनी उघडलेली एफडी या एका ओळीत बसते.

एखाद्या मुलाला कमी द्यायचं किंवा काहीच द्यायचं नसेल, तर त्याचं नाव गाळू नका. कारण लिहा, शांत शब्दांत. 'थोरल्याला घर घ्यायला पूर्वीच मदत केली आहे, म्हणून हे घर धाकटीला' असं वाक्य असलं, की विसर पडला होता की कुणी लिहून घेतलं, हा संशय उरत नाही. एकाच मुलाने वकील आणला, त्यानेच कागद लिहून घेतला आणि त्यालाच सगळं मिळालं, तर कोर्ट त्या मृत्युपत्राकडे संशयाने बघतं आणि तो संशय दूर करायचं ओझं त्याच मुलावर टाकतं.

आपल्याकडच्या मृत्युपत्रांत एक वाक्य हटकून असतं: 'पत्नीला हयात असेपर्यंत घरात राहण्याचा हक्क, तिच्यानंतर मुलाला'. हेतू चांगला असतो, पण त्याचा अर्थ असा, की उद्या तिला ऑपरेशनसाठी पैसे लागले तर ती ते घर विकू शकत नाही. शिवाय तिला नुसता हयातीचा हक्क मिळाला की पूर्ण मालकी, यावर कोर्टात वर्षानुवर्षं खटले चालले आहेत. माझं स्पष्ट मत आहे: द्यायचं तर पत्नीला पूर्ण द्या.

अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमा, ज्याला वकील एक्झिक्युटर म्हणतात. तो वारसांपैकीच असला तरी चालतो. देणी फेडणं, खाती बंद करणं, वाटणी करणं हे त्याचं काम. तुमचं कर्ज असेल तर ते आधी मालमत्तेतून फिटतं, वारसांच्या स्वतःच्या खिशातून नाही.

लहान मुलं असतील तर मृत्युपत्र उद्यावर टाकू नका. मृत्युपत्राविना वडील गेले, तर अज्ञान मुलांनाही घरात हिस्सा मिळतो, आणि त्यांचा हिस्सा विकायचा असेल तर सख्ख्या आईलाही कोर्टाची परवानगी काढावी लागते. शिवाय दोघंही एका अपघातात गेले तर मुलांना कुणी सांभाळावं, हे लिहून ठेवायची हीच जागा. ज्याचं नाव लिहिणार आहात, त्याला आधी विचारा. दिव्यांग मूल असेल, तर नुसतं त्याच्या नावावर करून भागत नाही. त्याच्यासाठी ट्रस्ट करण्याबद्दल चांगल्या वकिलाशी बोला.

नोंदणी सक्तीची नाही, पण मी करायला सांगते. दोन साक्षीदारांना घेऊन दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जायचं. कागद बदलला, हरवला, अशा तक्रारी त्यामुळे टळतात. मात्र नोंदवलेलं मृत्युपत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. त्यानंतर योग्य रीतीने केलेलं साधं मृत्युपत्रही त्याला रद्द करतं, कारण नेहमी शेवटचंच धरलं जातं. छोटा बदल असेल तर पुरवणी जोडता येते, पण तिलाही त्याच सह्या आणि तेच साक्षीदारांचे नियम. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. तो घ्यावा का, हे मुख्यतः वाद आहे का यावर ठरतं, आणि यातले नियम बदलत असतात, तेव्हा त्या वेळी वकिलाला विचारून घ्या.

आणखी एक सांगायलाच हवं. मृत्युपत्राऐवजी 'आत्ताच बक्षीसपत्र करून टाका, म्हणजे कटकट मिटली' असा सल्ला मुलांकडून येतो. बक्षीसपत्राने घर त्याच दिवशी दुसऱ्याचं होतं आणि साधारणपणे परत घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात असलेच पाहिजेत. ती अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं. राहतं घर जिवंतपणी देऊन टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा प्रश्न, ते ठेवायचं कुठे. आपल्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये नको, कारण लॉकर उघडायलाच कागद लागतात आणि कागद आत. सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, ती फारच थोडे लोक वापरतात. आईने गेल्या वर्षी आपलं मृत्युपत्र केलं. दीड पान, मराठीत, स्वतःच्या अक्षरात. शेजारच्या डॉक्टरीणबाई आणि भावाचा मित्र साक्षीदार. नोंदणी करून आल्यावर तिने मूळ प्रत बाबांच्या त्याच निळ्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली, एकेक झेरॉक्स मला आणि भावाला दिली, आणि मागच्या बाजूला दोन्ही साक्षीदारांचे पत्ते लिहून ठेवले.